एका जागेसाठी दोघी

डेलफीन आर्सेनोला तसं झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सराव संपल्यावर, कपडे बदलायच्या खोलीत.

आमच्या बास्केटबॉल संघाच्या कोच टॉलिव्हरनी त्या दिवशी आम्हाला 'सतरा' पळवल्या होत्या. म्हणजे कोर्टाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सतरा वेळा धावायचं, तेही एका मिनिटात. एक जरी मागे राहिली तरी सगळ्यांनी पुन्हा. आम्ही तीनदा धावलो. बाकीच्या मुली जेवायला निघून गेल्या. मी बुटांच्या नाड्या सोडत बसले होते, आणि डेल समोर भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसली होती. मी तिला काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं नाही.

"डेल?"

डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. ओठ राखेसारखे झाले होते. मी उठून तिच्या छातीवर हात ठेवला. ते धडधडणं मोजता येण्यासारखं नव्हतंच. नुसती थरथर, उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखी. अर्धा-पाऊण मिनिट गेलं असेल. मग आत एक मोठा ठोका पडला आणि सगळं एकदम सुरळीत झालं.

"हात काढ, क्लेपर," ती म्हणाली. "आपलं लग्न ठरलेलं नाही."

"हे काय होतं?"

"होतं कधी कधी. जातं."

"कधी कधी म्हणजे?"

"नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर हे तिसऱ्यांदा." ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, "शनिवारपर्यंत कोणाला बोलायचं नाही. शनिवारनंतर मी स्वतः जाते पाझकडे. आईची शपथ."

पाझ म्हणजे आमचा ट्रेनर, रुबेन पाझ. घोटे बांधणं, गुडघ्यांवर बर्फ ठेवणं आणि कोणी खेळायचं नाही हे ठरवणं ही त्याची कामं. मी तिला 'बरं' म्हणाले. त्या वेळी मला ते वचन फार मोठं वाटलं नाही.

आमच्यासारख्या दोन वर्षांच्या कॉलेजला सगळे ज्युको म्हणतात. ज्युकोत कोणी राहायला येत नाही. इथून पुढे जायला येतात. पश्चिम कॅन्ससमधलं आमचं गाव म्हणजे एक रस्ता, धान्याची उंच कोठारं, आणि वारा दक्षिणेकडून आला की गुरांच्या वाड्यांचा वास. डेल लुइझियानाची. शाळेच्या शेवटच्या वर्षी वादळात त्यांचं घर गेलं, ती तीन गावांत तीन शाळा फिरली आणि तिचे मार्क कुठल्याच मोठ्या कॉलेजला पुरले नाहीत. नाहीतर तिच्यासारखी मुलगी आमच्या वाट्याला आली नसती. मी नेब्रास्काची. माझे मार्क उत्तम होते, पण मला कोणी बोलावलंच नव्हतं. आम्ही दोघी गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या. ती चेंडू घेऊन कुठे जाणार हे पाहुण्या संघांना कळायचं नाही. मी कुठे जाणार हे सगळ्यांना आधीच कळायचं, मी फक्त तिथे वेळेवर पोचायचे. दीड वर्षं आम्ही एका खोलीत राहत होतो.

दुसरं वर्ष संपत आलं होतं. मे महिन्याच्या आत चार वर्षांच्या एखाद्या विद्यापीठाने उचललं तर पुढची दोन वर्षं खेळायचं, शिकायचं, पदवी घ्यायची. नाही उचललं तर घरी. त्या शनिवारी मिझुरीतल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या सहायक कोच, सटन नावाच्या, आमची मॅच बघायला येणार होत्या. त्यांच्याकडे गार्डची एक जागा होती, पूर्ण स्कॉलरशिपची. त्या डेलला बघायला येत होत्या, हे उघड होतं. पण सोमवारी कोच टॉलिव्हरनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं, "मार्नी, मी सटनना तुझंही नाव दिलंय. त्या डेलचा व्हिडिओ बघून येतायत, पण डोळे काही झाकून बसणार नाहीत. शनिवारी नीट खेळ."

हे मी डेलला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

बुधवारी मी पाझच्या खोलीत गेले. तो घड्या घालत होता, टॉवेलांच्या.

"पाझ, एखादीची छाती फार धडधडली, आणि अर्धं मिनिट ती भानावर नसली, तर काय असतं?"

त्याने टॉवेल खाली ठेवला. "कोणाची?"

"असंच विचारते."

"असं कोणी असंच विचारत नाही."

मला दुसरं काही सुचलं नाही. "माझी," मी म्हणाले.

त्याने माझं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं, मग सरळ टेबलावरचा फोन ओढला. "डॉक्टरची वेळ सोमवारची मिळेल. तोपर्यंत तू खेळत नाहीस. शनिवारीही नाही."

"थांबा," मी म्हणाले. "माझी नाही."

फोन हातात तसाच धरून तो माझ्याकडे बघत राहिला. पाझ कधी आवाज चढवायचा नाही. म्हणूनच त्याची भीती वाटायची.

"मुली, मी चौदा मुलींना नुसत्या संशयावर बसवू शकत नाही. पण हे जे तू सांगतेस ते गुडघ्यासारखं नसतं. गुडघा आधी ओरडतो. हे ओरडत नाही. मला नाव सांग."

"उद्या सांगते," म्हणून मी बाहेर आले. गुरुवारी मी त्याच्या खोलीवरून जायचं टाळलं. तो मात्र सरावाला आला आणि बाकावर बसून एकेकीकडे बघत राहिला. डेल त्या दिवशी अशी खेळली की कोच टॉलिव्हर चक्क हसल्या.

शुक्रवारी दुपारी वर्गातून परत येताना हॉस्टेलच्या जिन्यात तिचा हात कठड्यावर घट्ट आवळलेला मला दिसला. दोन पायऱ्या वर मी होते. ती नुसती उभी होती, श्वास मोजत असल्यासारखी. या वेळी लवकर ओसरलं. आम्ही खोलीत आलो, मी दार लावलं आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता पाझकडे जा. मी येते बरोबर."

"उद्या मॅच आहे."

"म्हणूनच."

"तू बुधवारी गेली होतीस ना त्याच्याकडे? कसाई बकऱ्याकडे बघतो तसा तो काल माझ्याकडे बघत होता."

"मी नाव नाही सांगितलं."

"मोठे उपकार." ती पलंगावर बसली. मग अगदी हळू म्हणाली, "क्लेपर, सटनच्या यादीत तुझं नाव आहे ना?"

मी दप्तर खुर्चीवर ठेवलं.

"मला कोचनीच सांगितलं. मंगळवारी सकाळी. मी वाट बघत होते, तू कधी सांगतेस."

"याचा त्याच्याशी संबंध नाही."

"नाही?" ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्यापेक्षा ती तीन बोटं बुटकी, पण त्या वेळी मला तसं वाटलं नाही. "मी बसले तर कोण खेळणार चेंडू घेऊन? सटन कोणाला बघणार? ही जागा गेली तर तू नेब्रास्काला जाऊन बापाच्या दुकानात बसशील, कॉलेजला जाशील, तुझं काही अडणार नाही. मी लुइझियानात, लेक चार्ल्सला जाईन, हॉस्पिटलच्या लाँड्रीत आईच्या शेजारी उभी राहून चादरी दुमडेन. ती बावीस वर्षं दुमडतेय. मी तिला सांगितलंय की शनिवारी होऊन जाईल. आता तू मला सांग, काळजी कोणाची आहे तुला? माझी की तुझी?"

ती मरेल अशी भीती वाटत होती हे खरं. आणि बुधवारी पाझच्या खोलीकडे जाताना मी मनात बघितलं होतं की सटन वहीत माझं नाव लिहितायत, हेही खरं. दोन्ही एकाच डोक्यात होतं आणि मला ते वेगळं करता येईना. सांगितलं तर मी जागेसाठी सांगितलं, असं होणार. नाही सांगितलं तर, मला चांगली म्हणवून घ्यायचं होतं म्हणून गप्प बसले, असं होणार.

त्या रात्री आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाठ केली. सकाळी ती माझ्याआधी उठून गेली होती.

मॅच दुपारी दोनची. मी पाझकडे घोटे बांधायला बसले. पट्टी गुंडाळताना त्याने मान वर न करता विचारलं, "नाव?" मी म्हणाले, "ती आज बरी आहे." त्याचे हात थांबले. एवढ्यावरून त्याला कळलं असणार. खोलीत दोघीच तर राहायचो. पण डेलला त्याने बोलावून विचारलं तेव्हा ती त्याच्या तोंडावर हसली, नाडी बघू दिली, आणि नाडी त्या वेळी घड्याळासारखी होती.

सटन तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, करड्या कोटात, मांडीवर वही. जिमखाना बऱ्यापैकी भरला होता. समोरचा संघ तासाभराच्या अंतरावरच्या कॉलेजचा, दरवर्षी आमच्याशी भांडणारा. त्यांच्याकडे एक उंच गार्ड होती, हॉली नावाची, टेक्ससची.

पहिल्या क्वार्टरमध्ये डेलने बारा गुण केले. तिने हॉलीला दोनदा असं फिरवलं की लोक हसले. मी सटनकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. त्यांची पेन्सिल थांबत नव्हती. मला मत्सर वाटला, आणि त्याच वेळी वाटलं की बरं झालं, मी काही बोलले नाही. सगळं नीट चाललंय. अजून तीन क्वार्टर. मग तिला तिची जागा, मग पाझ, मग डॉक्टर.

दुसऱ्या क्वार्टरची चार मिनिटं उरली असताना मी हॉलीच्या हातून चेंडू हिसकावला. मधली सगळी जागा मोकळी. माझ्या पुढे कोणी नव्हतं, फक्त रिंग. मी धावत निघाले. अशा वेळी डेल नेहमी माझ्या उजवीकडून येते, तिच्या बुटांचा आवाज मला ओळखीचा आहे. तो आला नाही. मी मान वळवली.

ती मधल्या रेषेवर उभी होती. हात खाली लोंबत होते. ती समोर बघत होती, पण कशाकडेच नाही. मंगळवारचेच डोळे.

मी अजून दोन पावलं गेले. ती दोन पावलं मी आजही विसरलेले नाही. रिंग अगदी हाताशी होती, मागून कोणी पोचणार नव्हतं, आणि तिसऱ्या रांगेत त्या बसल्या होत्या. आधी टाकते, मग थांबवते, असा विचार माझ्या मनात स्पष्ट आला. मग मी थांबले, चेंडू छातीशी धरला आणि पंचाकडे बघून टाइमआऊट मागितला.

प्रेक्षकांतून कोणीतरी शिट्टी मारली. कोच टॉलिव्हर कोर्टाच्या कडेला आल्या होत्या.

"टाइमआऊट कोणी मागितला?"

"मी."

"डोकं फिरलंय तुझं? समोर कोणी नव्हतं."

डेल चालत येत होती, हळू, दारू प्यायल्यासारखी पण सरळ. बाकापाशी आली आणि उभी राहिली. सगळ्या मुली गोल करून उभ्या होत्या. मी म्हणाले, "कोच, डेलची छाती. तिला होतंय. आत्ता होतंय. पाचव्यांदा."

"खोटं बोलतेय," डेल म्हणाली. तिला शब्द जड जात होते. "तिला माझी जागा हवीय. विचारा तिला."

कोच टॉलिव्हरनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या एका नजरेत मला दिसलं की त्यांनाही क्षणभर तेच वाटलं. तेवढ्यात पाझ मुलींमधून वाट काढत आला. त्याने दोन बोटं डेलच्या मानेवर ठेवली. घड्याळ बघायला हात वर केला, आणि मग बघितलंच नाही.

"कोच, ही बसली," तो म्हणाला. "आणि दारापाशी उभ्या असलेल्या त्या रुग्णवाहिकेच्या माणसांना हाक मारा. पळत येऊ देत."

या वेळी ते ओसरलं नाही. तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हाही चालूच होतं. मी तिच्या शेजारून चालायला गेले तर तिने तोंड फिरवलं.

मॅच पुन्हा सुरू झाली. असं कसं होतं ते मला अजून कळत नाही, पण होतं. घड्याळ लावतात आणि तुम्ही खेळता. चेंडू आता माझ्याकडे होता. ज्याची मी आठवडाभर चोरून कल्पना केली होती ते माझ्या हातात आलं होतं, आणि मला चेंडू नीट आपटताही येईना. हॉलीने तो माझ्याकडून सहा वेळा काढून घेतला. आम्ही एकोणीस गुणांनी हरलो. शेवटी वर बघितलं तर सटन उठल्या होत्या आणि कोटाची बटणं लावत समोरच्या संघाच्या बाकाकडे चालल्या होत्या. ती जागा नंतर हॉलीला मिळाली. तिने ती मिळवली होती. त्यात तिची काही चूक नव्हती.

डेलच्या हृदयात जन्मापासून विजेची एक जादा वाट होती. ठोका कधी कधी त्या वाटेने शिरून गोल गोल फिरत राहायचा. गावातल्या हॉस्पिटलात पोचली तेव्हा मिनिटाला दोनशे तीस ठोके चालले होते. औषध देऊन थांबवले, मग विचिटा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे मांडीतल्या शिरेतून तार घालून ती वाट जाळून टाकली. चार दिवसांत ती उठून चालत होती. पाझने डॉक्टरला विचारलं की तशीच खेळत राहिली असती तर काय झालं असतं. डॉक्टर म्हणाली, बहुतेक काही नाही, आणि एखाद्या वेळी सगळंच. याहून स्पष्ट काही ती सांगू शकत नाही.

आठवड्याने डेल परत आली आणि माझ्या खोलीतलं तिचं सामान वरच्या मजल्यावर घेऊन गेली. मी तिच्यासाठी कॉफी घेऊन जिन्यात उभी राहिले तर बाजूने निघून गेली. मुलींत दोन तट पडले होते. कॅफेटेरियात माझ्या टेबलावर कोणी बसायचं, कोणी नाही.

मार्चमध्ये एकदा मी एकटीच रिंगवर चेंडू टाकत होते. ती आत आली आणि चेंडू उचलून मला परत देत राहिली. दहा-बारा वेळा नुसतं तेवढंच.

"एक विचारते," ती म्हणाली. "खरं सांगायचं. सटनची ती जागा तुझ्या मनात होती का?"

"बुधवारी होती. शुक्रवारीही."

"आणि टाइमआऊट मागितलास तेव्हा?"

"दोन पावलं होती. नंतरचं माहीत नाही."

तिने चेंडू एकदा आपटला. "नाही म्हणाली असतीस तर मी परत निघून गेले असते." पण ती थांबली, असंही नाही. मला चेंडू दिला आणि गेली. तिला अजून खेळायची परवानगी नव्हती.

त्या सगळ्या महिन्यात कोच टॉलिव्हर रोज दुपारी डेलसाठी एकेका विद्यापीठाला फोन करत बसायच्या. त्यांनी मला एकदा कागदपत्रं लावायला बोलावलं तेव्हा ऐकलं. त्या प्रत्येकाला पहिल्या वाक्यातच हृदयाचं सांगून टाकायच्या. पलीकडचा आवाज लगेच गोड व्हायचा आणि फोन संपायचा. मी म्हणाले, "कोच, आधी खेळाचं सांगा ना." त्या म्हणाल्या, "नंतर कळलं तर ते तिला टाकतील. आत्ताच टाकू देत." मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीनदा सतरा मी पळवल्या होत्या, मार्नी. तिच्याकडे बघत उभी होते. मला वाटलं, दमलीय."

सत्ताविसावा की अठ्ठाविसावा फोन आर्कान्सॉमधल्या एका लहान विद्यापीठाला होता. तिथल्या कोचने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, डॉक्टरचं पत्र पाठवा. दोन दिवसांनी म्हणाला, आता व्हिडिओ पाठवा. एप्रिलच्या शेवटी तो स्वतः आला. डेल त्याच्यासमोर एक तास खेळली, पाझ दर दहा मिनिटांनी तिची नाडी बघत होता. मला कोच टॉलिव्हरनी तिच्याविरुद्ध उभं केलं होतं. मी जीव तोडून अडवलं तिला. तिने मला तसंच फिरवलं, आधीसारखं.

त्याने तिला घेतलं, आणि मे महिन्यात ती त्यांच्या कागदावर सही करणार त्या दिवशी तिची आई बसने आली. ओडेट तिचं नाव. रुंद, शांत बाई, रविवारची टोपी घालून. ऑफिसात फोटो काढले, केक कापला. गर्दीतून ती माझ्यापाशी आली.

"तूच का ती क्लेपर?"

"हो, मॅडम."

"माझ्या मुलीने तुझ्याबद्दल फारसं चांगलं सांगितलेलं नाही."

"ठाऊक आहे मला."

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे हात गरम आणि खरखरीत होते. बराच वेळ धरून ठेवला आणि मग केक घ्यायला गेली.

मला कुठल्याच मोठ्या विद्यापीठाने उचललं नाही. नेब्रास्कातल्या एका कॉलेजने अर्ध्या फीवर घेतलं. तिथे दोन वर्षं मी बहुतेक बाकावर बसून काढली आणि पदवी घेतली. पण त्याआधी, कॅन्सस सोडून जायच्या दिवशी, डेल खाली आली. माझ्या गाडीत खोके भरलेले होते. तिने एक खोका उगीचच नीट सरकवला.

"नोव्हेंबरच्या बाराला आमची पहिली मॅच आहे," ती म्हणाली. "ये म्हणत नाही. तारीख फक्त सांगून ठेवते."

मी गेले. नऊ तास गाडी चालवली, वर शेवटच्या रांगेत बसले. ती बदली म्हणून आली आणि तिचे पहिले तीन चेंडू चुकले. तिच्या कोचने तिला बसवलं नाही. चौथा रिंगमध्ये गेला. मॅच संपल्यावर मी गर्दीबरोबर निघून जाणार होते, पण ती टॉवेल खांद्यावर टाकून थेट वर चढत आली, माझ्या शेजारी बसली आणि धापा टाकत म्हणाली, "भूक लागलीय. इथे मासा बरा मिळतो. पण गाडी तू चालव, माझे पाय गेलेत."